भुसावळ ते वडपाडे, एक हात पाण्यात

तापी, गिरणा, पांझरेच्या काठी जाळं विणून पोट भरणाऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. पाणी आपल्या गावात असतं आणि त्याचा निकाल लागतो दूरच्या टेबलावर, जिथे पाणी फक्त पेल्यात असतं. यावर मी सहा वर्षं सभांमधून बोलतो आहे. बोलून काय होतं ते परवाच्या प्रवासात मला नीट कळलं. याच वाटेने कुणाला जायचं असेल तर त्यालाही हा वृत्तान्त उपयोगी पडेल.

निमित्त असं झालं. पश्चिम खानदेशात, धुळ्यापुढे साक्रीच्या अंगाला वडपाडे गाव आहे. तिथल्या तलावाचा ठेका अठरा घरांच्या मच्छीमार सोसायटीकडे आहे. एका खात्याने (नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल) अट घातली की शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत, साहेबांच्या समक्ष, हावड्याहून मागवलेली माशांची जिवंत पिल्लं तलावात सुटली तरच ठेका राहील. नाहीतर तलाव बाहेरच्या ठेकेदाराला. मला त्या समारंभात भाषणाचं आमंत्रण होतं. सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष सुकाआबा पिल्लं उतरवून घ्यायला भुसावळला येणार होते. म्हटलं, बरोबरच जाऊ.

शुक्रवारी सकाळी गाडी आली. पत्र्याची तीन पिंपं, प्रत्येकात अर्ध्यापर्यंत पाणी आणि त्यात तांदळाएवढी, तिळाएवढी हजारो पिल्लं. पिंपांसोबत आलेल्या माणसाचा उजवा हात मनगटापर्यंत पांढरा पडून सुरकुतला होता. पिल्लांना हवा मिळावी म्हणून तळव्याने पाणी सतत हलवत, थापटत राहावं लागतं. तो हावड्यापासून थापटत आला होता. हात पुसून तो तिथेच बाकड्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला.

"आते आपला हात," सुकाआबा म्हणाले.

आम्ही तिघं होतो. एका पिंपाशी आबा, दुसऱ्याशी मी, तिसऱ्याशी आबांबरोबर आलेल्या देवधरबाई. या बाई एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि दोन वर्षं वडपाड्याच्या तलावावर संशोधन करताहेत. पाण्यात दोरीने पांढरी तबकडी सोडायची, ती किती खोलवर दिसेनाशी होते ते मोजायचं, रेशमी जाळीतून पाणी गाळून त्यातले किडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, असं त्यांचं काम. गावात त्यांना 'ताटलीवाल्या अक्का' म्हणतात आणि त्याचा त्यांना राग नाही.

भुसावळहून धुळ्याची मोटार जळगाव, एरंडोल, पारोळ्यावरून जाते. उजव्या बाजूला बसा, ऊन कमी लागतं. कंडक्टरच्या दरपत्रकात कोंबडी होती, बकरी होती, मासे नव्हते. त्याने पिंपात वाकून पाहिलं आणि विचारलं, यातलं तिकिटाच्या वयाचं कोणी आहे का. आबा म्हणाले, बठ्ठा तान्हा शेतस. तान्ह्यांना तिकीट नाही, असं म्हणून तो मोकळा झाला. पुढे जळगावपर्यंत तो स्वतः माझ्या पिंपात हात घालून बसला आणि मी त्याच्या वतीने घंटीची दोरी ओढत होतो.

एरंडोलला पाणी बदललं. विहीर जवळ होती, पण बाईंनी नाही म्हटलं. विहिरीच्या पाण्यात हवा कमी. म्हणून अंजनी नदीच्या पात्रातून घागरी भरून आणल्या. तरी बाई एकदम ओतू देईनात. थर्मामीटर इकडे बुडव, तिकडे बुडव, तांब्या तांब्याने मिसळ. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मग एका पागोटेवाल्या बाबांनी त्याला समजावलं की पोरांना आंघोळ घालताना बाई अशाच करतात, त्यात हॉर्नचं काय काम. मोटार मुकाट्याने थांबली. तेवढ्यात आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, डाव्या हाताने. ठेच्याचा हात चुकून पिंपात जाऊ देऊ नका, हे सांगून ठेवतो.

पारोळ्याला टायर बसलं. आता माझी चूक ऐका.

मोटारीभोवती गर्दी जमली. कापसाचे शेतकरी, बाजाराला निघालेल्या बाया, चहावाला. शंभर माणसं उभी आहेत आणि कुणी बोलत नाही, हे दृश्य मला सोसत नाही. मी टपाच्या शिडीवर चढलो. स्वराज्य आलं, पण पाण्यात स्वराज्य आलं का, असा सवाल टाकला. टाळ्या पडल्या. मी आणखी बोललो. भाषणाला हात वर लागतो. माशांना हात खाली लागतो. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा आबा शिडीखाली उभे होते.

"मास्तर, भाषन चांगलं शे," ते म्हणाले. "पन तुम्हना पिंपमाधला मासा मरी ऱ्हायनात."

उतरून पाहिलं. पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती आणि बरीचशी पांढऱ्या पोटांनी उलटी तरंगत होती. मी कोपरापर्यंत हात घातला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक बाई पुढे झाली आणि माझ्या समोरून पाणी थापटू लागली. धुळे येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. ज्यांनी मला ऐकलं आहे त्यांना हे खरं वाटणार नाही.

धुळ्याहून मालट्रक आणि शेवटचे दोन मैल बैलगाडी. वडपाड्याला पोचलो तेव्हा सूर्य बांबूभर वर होता. बांधावर खुर्ची टाकून साहेब बसले होते, मांडीवर नकाशा. अठरा घरं बांधावर उभी. नकाशात तलाव निळा आणि बरोबर मध्ये तांबडी फुली. पिल्लं फुलीवर सोडावीत, असा हुकूम.

यंदा पाऊस लांबला. फुलीच्या जागी भेगाळलेली जमीन होती आणि एक म्हैस बसली होती. पाणी होतं ते बांधाच्या बुडाशी, गुडघाभर. पण ती जागा नकाशात 'माती काढलेला खड्डा' अशी होती आणि दुसऱ्या खात्याची होती.

साहेब दुष्ट नव्हते. नकाशाबाहेर सही केली म्हणून एकदा त्यांची बदली झाली होती, ते त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. म्हैस उठवली तर चालेल का, असंही त्यांनी विचारून पाहिलं.

देवधरबाई फुलीकडे चालत गेल्या. म्हशीशेजारी जमिनीवर तबकडी ठेवली, वाकून पाहिलं आणि वहीत लिहीत मोठ्याने वाचलं, "खोली शून्य. तळ स्वच्छ दिसतो."

परत आल्या आणि एकाएकी थांबल्या. साहेबांचा नकाशा ज्या टंकलेल्या कागदांत गुंडाळून आणला होता, ते कागद त्यांनी उचलले. त्यांचाच अहवाल होता तो. पाऊस लांबला तर पाणी कुठे उरतं, पिल्लं कुठे आणि कधी सोडावीत, सगळं त्यात होतं. कुणी उघडलाच नव्हता.

"साहेब, पानी आठे शे, फुली तठे शे," आबा म्हणाले. "मासासले नकाशा वाचता येत नही."

साहेब म्हणाले, हुकूम पुन्हा एकदा वाचून बघतो. माझ्या छातीत भाषण उसळलं. मी ते गिळलं. आबांनी साहेबांचा उजवा हात धरला, बाही वर सारली आणि पिंपात घातला.

"वाचा ना. पन हात चालू ऱ्हाऊ द्या."

साहेब एका हाताने हुकूम वाचत राहिले, दुसऱ्याने थापटत राहिले. पहिलं पान संपलं. ते उलटायला हात मोकळा नव्हता. त्यांनी आबांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग बोटांमधून सुळसुळणाऱ्या त्या तिळांकडे बराच वेळ पाहिलं. सूर्य बांधाला टेकत होता.

"फुलीचं मी बघतो," ते म्हणाले. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.

पिंपं उचलून पाण्यात नेली, पण ओतली नाहीत. आबांनी ती तशीच पाण्यात बसवली, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं, मग तोंड अलगद तिरकं केलं. पिल्लं आपल्या पायांनी घरी जावीत तशी बाहेर गेली. साहेबांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून, आबांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. ठेका राहिला, एका वर्षापुरता.

माझ्या पिंपातली निम्म्याहून जास्त पिल्लं मेली होती. आबांनी ती जाळीने वेगळी काढली. रात्री कुणाकडे तरी शेवभाजी होती. ती मला गोड लागली नाही.

आता घरी आलो आहे. बायको म्हणते, बादलीशी बसलं की माझा हात आपोआप पाणी थापटतो. थापटू दे. भाषण एका हाताने करता येतं, हे मी शिकलो.

पण पुढच्या वर्षी नकाशा तोच असेल आणि फुली तिथेच. येत्या पंधरवड्यात बाकीच्या सगळ्या तलावांचे ठेके ठरायचे आहेत. म्हणून माझं एकच मागणं आहे. मोर्चा नको, सभा नको. आजच एक पोस्टकार्ड घ्या, तुमच्या तालुक्यातल्या त्या खात्याच्या ऑफिसचा पत्ता घाला, आणि त्यावर एवढंच लिहून पेटीत टाका: "साहेब, आमच्या पाण्यात उतरा आणि मग सही करा."