सावळ्याच्या मैलात दगड नव्हता

खंडाळ्याच्या घाटात सावळा मैलकुली होता. मुंबई-पुणे रस्त्याचा एक मैल त्याच्या ताब्यात होता. गटारं उपसायची, खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं आणि दगड उचलायचे. दगडांचं काम त्याला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण तेच सगळ्यांत मोठं होतं.

त्या काळी ट्रक घाट चढायचे ते धापा टाकत. उंबराच्या वळणावर चढ असा अंगावर यायचा की निम्म्या गाड्यांचं पाणी तिथंच उकळायचं. ड्रायव्हर भर रस्त्यात गाडी उभी करी. क्लीनर उडी मारून मागच्या चाकाला दगड लावी, झऱ्याचं पाणी आणून रेडिएटरात ओती. गाडी हलली की तो पळत जाऊन मागं लटके. दगड तिथंच राही. तो उचलायला गाडी पुन्हा थांबवली असती तर ती उतारानं मागं आली असती. मग दुसरा कुणी येऊन त्या दगडावर आपटे.

सावळा दिवसातून तीनदा वळणावर जाई. दगड उचली आणि दरीत फेकी. रोजचे तीस-चाळीस.

"घरातला केर काडत न्हाई, आन् सरकारचा रस्ता झाडतोय," बायको हिरी म्हणे.

"सरकारला माजं काम दिसतंय. तुला कुटं दिसतंय?" सावळा म्हणे.

ते खरंही होतं. गेणू मुकादम एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मैल बघायचा तर सावळ्याचा बघा." त्या दिवसापासून सावळा ताठ चालायला लागला. वरचा मैल हौशीरामाचा. तिथं चढ संपायचा, ट्रकवाले दम खायला थांबायचे. दगड तिथंही पडायचे. हौशीराम करवंदीच्या जाळीआड पडून राही. त्याचे दगड आठ-आठ दिवस हलत नसत.

लोणावळ्याचा कादर रोज सकाळी सायकलवरून पाव घेऊन घाटातल्या हॉटेलांत जाई. चाँदबीचा एकुलता एक मुलगा. वळणावर पाय टेकवून तो सावळ्याला दोन पाव देई.

"घ्या ठेकेदार, तुमचा टोल."

"हळू जा रं. मागं मुलगी बसल्यागत मारतोयस सायकल."

"मुलगी बसली तर हळूच मारीन की."

सहासष्टच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक तरुण साहेब आले. घाटात अपघात कुठं होतात, का होतात, याचा अभ्यास करायला. त्यांची रीत साधी होती. सात दिवस रोज दहा वाजता घाट पायी चालायचा. जिथं दगड दिसेल तिथं नकाशावर लाल ठिपका द्यायचा. जिथं दगड जास्त, तिथं ट्रक जास्त थांबतात.

"ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणतो, मी थांबलोच नाही," साहेब हसून म्हणाले. "दगडाला खोटं बोलता येत नाही."

साहेब येणार हे सावळ्याला आदल्या दिवशीच कळलं होतं. पाहुणे यायचे म्हणून अंगण सारवावं, तसा त्यानं मैल साफ केला. दहाच्या आत दोन फेऱ्या मारल्या, आणि पुढंही रोज मारल्या. साहेब वळणावर आले तेव्हा रस्ता ताटासारखा लख्ख होता.

"इथं चढ तर मोठा आहे. ट्रक थांबत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

मुकादम शेजारीच उभे होते.

"न्हाई साहेब. माज्या मैलात दगुड घावायचा न्हाई," सावळा म्हणाला.

मुकादमांनी मान डोलावली. साहेब पुढं गेले. हौशीरामाच्या मैलात त्यांची लाल पेन्सिल थांबेना.

पाचव्या दिवशी कादर सायकल टाकून धावतच आला. साहेबांचा ड्रायव्हर हॉटेलात बोलत होता, ते त्यानं ऐकलं होतं. जिथं ठिपके जास्त तिथं रस्ता रुंद होणार, गाड्यांना बाजूला उभं राहायला जागा होणार, पाण्याची टाकी होणार.

"सावळ्या, दोन दिवस दगडांना हात लावू नको. पडू देत."

"आन् कुनी पडलं मंजी? तूच पडशील की."

"मग नको सोडू. साहेबांना सांग. मी रोज चाळीस फेकतो म्हणावं."

सावळा मनाशी हिशेब करू लागला. चाळीस दगड पडतात म्हणायचं, म्हणजे आपला मैल हौशीरामासारखाच आहे म्हणायचं. आणि मुकादमांपुढं न्हाई म्हणून बसलो, त्याचं काय?

"सांगतो," तो म्हणाला.

सातव्या दिवशी साहेब एकटेच आले. उंबराखाली बसले. सावळ्याला चहा दिला. म्हणाले, "हे वळण मला पटत नाही. एवढ्या चढाला एकही गाडी थांबू नये? तू रोज असतोस. खरं काय ते सांग."

मुकादम नव्हते. कुणीच नव्हतं. शब्द ओठांपर्यंत आला. पण साहेब वहीत लिहिणार, वही मुकादमांकडे जाणार, हे मनात आलं.

"न्हाई साहेब," सावळा म्हणाला. "साफ असतंय."

साहेबांनी वही मिटली.

दिवाळीनंतर हौशीरामाच्या मैलात काम निघालं. डोंगर तासला, रस्ता रुंद झाला, पाण्याची टाकी बसली. हौशीरामाला टाकीजवळ सावलीत बसायचं काम मिळालं.

"झोपणाऱ्याला देव देतो," कादर म्हणाला. मग त्यानं सावळ्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस ना?"

"सांगितलं हुतं. त्यांनी आयकलं न्हाई."

कादरशी तो एवढं एकच खोटं बोलला.

टाकी वर, आणि गाड्या उकळायच्या खाली. उंबराच्या वळणावर दगड पडतच राहिले. सावळा उचलतच राहिला. आता तो दिवसातून पाचदा जाई.

पुढच्या श्रावणात एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की हातातलं फावडं दिसेना. सावळा वळण साफ करून मैलाच्या खालच्या टोकाला गेला. वर एक ट्रक थांबल्याचा आवाज आला. मग तो निघाल्याचा. सावळा पळत सुटला. चढावर त्याचं वय आडवं आलं. सायकलची घंटी त्याला ऐकू आली, आणि नंतर घंटी नसलेला आवाज.

कादर कठड्यापाशी पडला होता. पाव ओल्या रस्त्यावर विखुरले होते. एका जीपवाल्यानं दोघांना लोणावळ्याला नेलं. दवाखाना यायच्या आतच कादर गेला.

कुणी सावळ्याला बोल लावला नाही. पोलिसांनी लावला नाही, मुकादमांनी लावला नाही. उलट मुकादम म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस होता म्हणून इतके दिवस तिथं काही झालं नाही." सावळ्यानं तोंड उघडलं. साहेबांनी विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, हे सांगायला लागला. मुकादमांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. मनाला लावून घेऊ नको."

हिरीला सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलं असतंस तरी साहेब लोक काय गरिबाचं आयकत्यात व्हय?"

त्या दिवसापासून त्यानं दगड दरीत फेकणं सोडलं. कडेला रचून ठेवू लागला. महिन्याभरात कमरेएवढा ढीग झाला. बघायला कुणी आलं नाही.

कादरचा चाळिसावा दिवस झाल्यावर तो चाँदबीकडे गेला. उंबऱ्याशी उकिडवा बसला. सगळं सांगितलं. साहेबांचे लाल ठिपके, मुकादम, चहा, वही. आपण काय म्हणालो ते. कादरला काय थाप मारली ते.

चाँदबी ऐकत होती. नकाशा आणि ठिपके तिला किती कळले, कोण जाणे.

"दगड तू टाकलास?" शेवटी तिनं विचारलं.

"न्हाई, मावशी."

"कादर सांगायचा मला. अम्मी, घाटात सावळ्या आहे, तू घाबरू नको. रोज सांगायचा." तिनं पदरानं डोळे पुसले. "मग मी घाबरत नव्हते."

तिनं आत जाऊन ताट वाढून आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. "जेव," म्हणाली.

त्यानं भाकरी मोडली. हात तोंडाशी जाईना.