साहेबांच्या अहवालातले काका

आमदारसाहेबांच्या वार्षिक अहवालात दर वर्षी एक माणूस हमखास सुखी व्हायचा, आणि तो म्हणजे इस्त्रीवाले काका. मतदारसंघात बाकी कुणाचं काही भलं झालं असेल नसेल, काकांचं छापील भलं अगदी नेमानं होत आलं होतं. एका वर्षी त्यांना चष्मा मिळाला. पुढच्या वर्षी कानाचं यंत्र. मग बिनधुराची शेगडी, त्यानंतर ब्लँकेट. फोटोत साहेब वस्तू देताहेत, काका डबडबल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघताहेत आणि खाली ठळक ओळ : 'लाभार्थ्याच्या डोळ्यांतलं पाणी हीच आमच्या कामाची पावती.' फोटो निघाला की वस्तू परत टेम्पोत आणि टेम्पो पुढच्या वस्तीला. नग एकच होता ना!

आता अहवाल छापायचा आधी आणि वस्तू यायच्या नंतर, ही साहेबांच्या ऑफिसची पद्धतच होती. वस्तू नंतर यायच्या म्हणजे कधी, हे विचारणं जरा असभ्यपणाचं समजलं जाई.

काकांची निवडसुद्धा काही वशिल्यानं झालेली नव्हती हं. जन्मभर इस्त्रीची वाफ खाऊन त्यांचे डोळे सदा गळायचे. साहेबांचे पीए एकदा शर्ट न्यायला आले आणि बघतच राहिले.

"काका, रडताय का?"

"नाही हो, हे आपलं असंच वाहतं."

"आपोआप?" पीएंना आनंद लपवता येईना. "वा! फारच छान!"

घरी काकूंनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. काकूंची जीभ म्हणजे काय विचारता! दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ते धड जुळलं नाही. तेव्हापासून त्या आणि त्यांची खाट. कमरेखालची सगळी ताकद बहुतेक जिभेत गेली असावी. "या लाभार्थी, या," त्या काकांना म्हणायच्या, "आज काय काय परत करून आलात?"

पण गेली दोन वर्षं काका फोटोला उभे राहायचे ते काकूंसाठीच. त्यांना चाकाची खुर्ची हवी होती. विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि पीए दर वेळी खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "काका, पुढच्या यादीत नाव पक्कं." काकूंना त्या खोलीतून समोरची भिंत तेवढी दिसायची. त्यांची थोरली बहीण त्याच रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची, तिचे गुडघे गेलेले. दोघींचं दोन वर्षं फोनवर भांडण चालू होतं आणि काकूंचा जीव त्यात अर्धा झाला होता. "अहो, फोनवर कसलं आलंय भांडण! ती मधेच ठेवून देते. मला एकदा तिच्या दारात जाऊन भांडायचंय. तेवढं करा माझं, मग खुशाल डोळे गाळत बसा," असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करायच्या. तेव्हा मात्र काकांच्या डोळ्यांतलं पाणी वाफेचं नसायचं.

यंदा अहवालात साहेबांचं प्राधान्य होतं दिव्यांगांना चाकाच्या खुर्च्या. शिवाय कुणा पत्रकारबाईंनी लिहिलं होतं, की साहेबांचे फोटो तेवढे खरे असतात. हे साहेबांना झोंबलं. त्यांनी ठरवलं, यंदा वाटप भर सभेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. खुर्च्या अर्थातच नंतर येणार होत्या. फोटोपुरती एक खुर्ची तेवढी आली होती.

"काका, तुम्ही फक्त बसायचं," पीएंनी समजावलं. "साहेब अहवाल वाचतील, फोटो होतील, मग मी तुम्हाला पडद्यामागे नेतो. तिथं उठायचं की झालं."

"अहो, पण माझे पाय चांगले धडधाकट आहेत. जन्म उभ्यानं गेला माझा."

"ते कुणाला माहीत आहे?"

"सगळ्या रस्त्याला माहीत आहे."

"रस्ता काय भाषण ऐकायला येतोय?" पीए म्हणाले, आणि ते खरंच होतं. सभेला माणसं बाहेरून बसनं आणायची होती.

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. साहेब अहवाल वाचू लागले. किती नळ, किती दिवे, किती बाकडी. काकांच्या घरापुढचा रस्ता खड्डेमुक्त झाल्याचं साहेबांनी असं काही सांगितलं, की काकांनाही क्षणभर आनंद झाला. मग खुर्चीची पाळी आली. साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, काकांचे डोळे ठरल्याप्रमाणे वाहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला. पीएंनी खुर्ची पडद्यामागे ढकलली.

"हं, उठा काका. टेम्पो थांबलाय."

काका काही उठले नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी खुर्चीचा अंदाज घेतला होता. गादी मऊ होती, चाकं हलकी होती, पाय टेकायला पट्टी होती. यात बसून बहिणीच्या दारात जाऊन भांडायला काही हरकत नव्हती. त्यांनी खटका खाली दाबून चाकं अडकवली.

"पायांत त्राण नाही हो," काका म्हणाले.

"काका, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? आत्ताच साहेबांनी माइकवरून सांगितलं. हजार माणसांनी ऐकलं. साहेब खोटं बोलतील का?"

 पीएंनी काकांना बगलेत धरून उचलायचा प्रयत्न केला, तर काकांनी "अयाईगं!" असा सूर लावला की साहेब धावत आले आणि साहेबांच्या मागून त्या पत्रकारबाई. बाईंनी काकांकडे पाहिलं, पीएंच्या हाताकडे पाहिलं आणि अगदी मायेनं विचारलं, "साहेब, आजोबांना आता घरी कोण सोडणार?"

साहेब मुरलेले गडी. त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "कोण म्हणजे? मी स्वतः!"

झालं! पुढे कॅमेरे, मागे पीए आणि मधे घाम पुसत आमदार. खड्डेमुक्त रस्त्याच्या पहिल्याच खड्ड्यात पुढचं चाक रुतलं. साहेबांनी जोर लावला, खुर्ची निघाली आणि दुसऱ्यात गेली. "हे केव्हा झालं?" साहेब पीएंवर खेकसले. "झालंय कुठे साहेब, म्हणजे झालंय, पण..." पीए म्हणाले. काका मात्र मागे वळून आदबीनं सांगत होते, "जरा डावीकडून घ्या साहेब, उजवीकडचा खोल आहे." इतक्या वर्षांत काकांनी प्रथमच साहेबांना काही सुचवलं आणि साहेबांनी ते तत्काळ अमलात आणलं.

वरात घराच्या दारातून आत शिरली, तेव्हा काकूंनी खाटेवरून पाहिलं. आधी खुर्ची, मग नवरा, मग नवऱ्याच्या मागे धापा टाकणारा आमदार. बाई बिलंदर. "अगंबाई!" त्या ओरडल्या, "ह्यांचे पाय परत गेले की काय?"

खुर्ची राहिली. पेपरात फोटो आल्यावर ती परत कशी नेणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळीच पीए हजर. "काका, खुर्ची घ्या, पण आता चारचौघांत उठायचं नाही. निवडणुकीपर्यंत तरी. उठलात तर साहेब खोटे पडतील. आणि मग तुमचं दुकानाचं टपरं कुणाच्या जागेत आहे, तेही बघावं लागेल."

टपरं रस्त्याच्या कडेला होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. काकांची पाचावर धारण बसली. ते खुर्चीत बसून इस्त्री करू लागले. हात पुरेना, कॉलर जळायच्या. सकाळी खुर्ची घेऊन जायची, रात्री घेऊन यायची. आणि काकू? काकू तिथंच, भिंतीकडे बघत. चार-पाच दिवस त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांच्या जिभेला काका कधी घाबरले नव्हते, पण या गप्प बसण्याला घाबरले.

शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, एक विचारू? पाय तुमचे गेलेत की माझे?"

टोमणा नव्हता तो. सरळ प्रश्न होता. काकांना त्याचं उत्तर द्यायची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, रस्त्यावर ही गर्दी असताना, काकांनी काकूंना उचलून खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या दोन पायांनी खुर्ची ढकलत निघाले. दुकानावरून, वाण्यावरून, साहेबांच्या ऑफिसवरून.  पीए दारात चहा पीत उभे होते, त्यांचा कप तसाच राहिला. काकूंनी त्यांना हात केला. मग वाटभर त्या बोलतच राहिल्या. हे दुकान केव्हा झालं, ते झाड कुणी तोडलं, हिचा मुलगा केवढा झाला, अहो हळू! थोरलीच्या दारात पोचल्या तेव्हा थोरलीनं दार उघडलं, आणि दोघी जे भांडल्या, जे भांडल्या, की मधे रडून घेऊन पुन्हा भांडल्या. काका पायरीवर बसून ऐकत होते. इतकं चांगलं काही त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

टपरं आज हलतं की उद्या, या धास्तीत काकांनी महिने काढले. कुणी आलं नाही. आला तो पुढच्या वर्षीचा अहवाल, दारादारांत टाकलेला.

मुखपृष्ठावर काका होते. भर रस्त्यात, ताठ, दोन पायांवर चालताना. खाली ओळ : 'गेल्या वर्षी खुर्चीत, यंदा स्वतःच्या पायांवर! साहेबांच्या प्रयत्नांना यश.' फोटो ऑफिसच्या दारातून काढलेला दिसत होता. काकांचे हात पुढे काहीतरी धरल्यासारखे होते, पण काय ते दिसत नव्हतं. तिथून पुढचा फोटो कापला होता.

काकांचा संताप संताप झाला. "अगं, तुला कापलं! तू होतीस की तिथं! दोन वर्षांनी बाहेर पडलीस, ते कापलं मेल्यांनी!"

काकूंनी अहवाल लांब धरून नीट बघितला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "रस्ता त्यांनी केला, नळ त्यांनी केले, तुमचे पायसुद्धा त्यांनीच केले. सगळ्या मतदारसंघात मी एकटीच राहिले, जिचं भलं त्यांनी केलेलं नाही." मग अहवाल मांडीखाली सरकवून त्या म्हणाल्या, "चला, ढकला आता. थोरली वाट बघत असेल, कालचं भांडण अर्धं राहिलंय."