शेवटचा हात

गॅरेजात त्याला सगळे वकील म्हणत. वास्तविक तो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. पण गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतल्यावाचून बॉनेटला हात लावणे त्याला मंजूर नसे. "बिघाड गाडीत नसतो," असे त्याचे ठाम मत होते. "शेवटचा हात कुणाचा लागला, ते आधी सांगा."

त्या दिवशी आरोपी घरचाच निघाला. धाकट्या मेहुण्याची हायब्रिड गाडी क्रेनला लटकून आली. छोटी बॅटरी उतरली म्हणून त्याने शेजाऱ्याच्या गाडीवरून तारा जोडल्या होत्या. ठिणगी उडाली आणि गाडीने डोळे मिटले.

गॅरेजच्या मालकीणबाईंना हायब्रिडची ब्याद मुळातच नको होती. वकिलाने फार गळ घातली, म्हणून ही पहिली. "संध्याकाळपर्यंत चालली तर हे काम तुमचं," त्या म्हणाल्या. "नाहीतर क्रेन परत बोलावते, आणि पुन्हा हायब्रिडचं नाव काढायचं नाही."

वकील मेहुण्याकडे वळला. "तारा उलट्या जोडल्यास?"

"छे हो भाऊजी! लाल लालला, काळी काळीला. मी काय दूधखुळा आहे?"

"ते तुझ्या बहिणीला विचारून सांगतो."

त्याने रबरी हातमोजे चढवले, डिकीतून, गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचा केशरी प्लग उपसला आणि नियमाप्रमाणे स्वतःच्याच खिशात टाकला. हा प्लग निघाला की मोठ्या बॅटरीचा प्रवाह तुटतो. मध्येच कुणी आगाऊपणाने तो बसवला, तर काम करणाऱ्याच्या जिवाशी गाठ. जगावर काडीचा विश्वास नसलेल्या माणसाला इतका मानवणारा नियम दुसरा नव्हता.

मीटरने लवकरच साक्ष दिली. मुख्य फ्यूज जळालेला, त्याच्या पेटीजवळच्या तारांचे आवरण वितळलेले.

"आता बोल."

"अंधार होता, भाऊजी."

"भर दुपारी?"

"बॉनेटखाली."

फ्यूज बदलला, तारा बदलल्या. समोरचे दिवे लागले; गाडी मात्र ढिम्म. तपासणी-यंत्र एकच सांगत होते: मोठ्या बॅटरीचा मार्ग कुठेतरी तुटलेला आहे.

"आणखी काय केलंस?"

मेहुण्याचा बांध फुटला. त्याने गाणी लावून गाडीतच झोप काढली होती. मागच्या सीटवर चहा सांडला होता. एकदा डिकी लाथेने लावली होती. वकिलाने प्रत्येक कबुलीची शहानिशा केली; सीट काढली, जोडण्या एकेक करून पाहिल्या. सगळ्या निर्दोष.

संध्याकाळ झाली, क्रेन आली. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हूक अडकवायला वकील खाली वाकला, आणि मांडीला काहीतरी बोचले. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"एकदा... शेवटचं बघतो," तो पुटपुटला आणि डिकीत शिरला. खट्ट असा आवाज झाला. मग तो पुढे येऊन बसला, त्याने बटण दाबले आणि गाडी चुपचाप हातभर पुढे सरकली.

"चालू झाली?" क्रेनवाला चक्रावला. "आवाज तर नाही!"

"कुठे होता हो बिघाड?" मालकीणबाईंनी विचारले.

वकील फडक्याने स्टिअरिंग पुसू लागला. "तपासाला जरा मुदत द्या, बाई." पण मेहुण्याने खिशातून निघालेले केशरी टोक पाहिले होते.

"बाई, आधी शेवटचा हात कुणाचा लागला, ते विचारा की!"

हायब्रिड गाड्या अजून तिथे येतात, आणि वकीलच त्या पाहतो. बाईंनी फक्त एक नियम वाढवला: बटण दाबण्याआधी वकिलाने सगळ्यांसमोर खिसे उलटे करून दाखवायचे. गिऱ्हाईक बावचळते. "हायब्रिडची पद्धतच आहे," वकील गंभीरपणे सांगतो, खिसे आत सारतो, आणि लगेच विचारतो, "हं, आता तुमचं काय म्हणणं आहे?"