संत्री तयार, एलसी नाही

"मॅडम, पेट्या भरून तयार हायेत. गाडी सोडू का नको, तेवढं सांगा."

मोर्शीहून प्रभाताईंचा फोन. त्यांचं संत्र्याचं पॅकिंग हाऊस होतं. मी अमरावतीच्या शाखेत फॉरेन एक्सचेंज डेस्क सांभाळायची. त्यांचा माल शेजारच्या देशात जायचा. तिथून येणारी एलसी या खेपेला आलीच नव्हती. एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी: माल पाठवल्याचे कागद दाखवा, डॉलर आम्ही देतो.

"थांबा," मी म्हटलं.

"काहून? बारा वर्सं झाले, रफिकभाई माल घेऊन राहिले. एकदाबी पैसा अडवला नाही त्यानं."

आमचे मॅनेजर वानखडे साहेबही वैतागले. "एक एलसी लेट झाली म्हणून देश बुडाला का, मॅडम?"

मला गवई सर आठवले. माझी पहिली पोस्टिंग अकोल्याला, त्यांच्या हाताखाली. डबा खाताना ते पेपरचं व्यापाराचं पान पुढे सरकवायचे. "देश विहिरीसारखा पाहा, पोरी. झरा किती अन् उपसा किती?" झरा म्हणजे निर्यात आणि परदेशात राबणाऱ्यांनी घरी धाडलेला पैसा. उपसा म्हणजे आयात आणि परदेशी कर्जाचे हप्ते. ठेच्याचा वास आणि सरांचे प्रश्न. तसा लंच अवर नंतर कुठल्याच शाखेत मिळाला नाही.

मी तसंच पाहत गेले. त्या देशाला तेल आणि गहू महाग पडत होते. चलनाचा भाव पडू नये म्हणून सरकार साठ्यातले डॉलर विकत होतं. डॉलरचा सरकारी दर एक, बाजारातला दुसरा, आणि दोन्हींतलं अंतर वाढत चाललेलं. आमच्या हेड ऑफिसनं तर तिकडच्या बँकांच्या हमीवर विसंबणंच थांबवलं होतं.

हे सगळं मी नोटमध्ये लिहून दिलं. वानखडे साहेबांनी ती वाचली. "ताईंना तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाले.

प्रभाताईंना पटेना. शेवटी त्या मोर्शीहून शाखेत आल्या आणि माझ्या टेबलावरून रफिकभाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"दीदी, मेरा पैसा बँक में पड़ा है. बँक के पास डॉलर नहीं है." मग म्हणाले, "मत भेजिए. माल बॉर्डर पे सड़ जाएगा."

प्रभाताईंनी फोन ठेवला. "स्वतःचा धंदा बसून राहिला त्याचा, अन् मले वाचवते," त्या म्हणाल्या.

माल दिल्लीला गेला. मजुरी आणि भाडं सुटलं, हाती काही उरलं नाही. ज्यांनी सीमेकडे गाड्या सोडल्या, त्यांचा अर्ध्याहून जास्त माल फेकावा लागला.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत, पेमेंट अडलं की मी आधी त्या देशाचे डॉलर तपासले आणि मग गिऱ्हाइकाची नियत. बहुतेक वेळा दुसऱ्या तपासणीची गरज पडली नाही.