छापील अंक मागायला आलेली आई

मित्रहो, आज ऑफिसात जे झालं, ते मनातून जातच नाहीये.

आमचं क्रीडा पाक्षिक आम्ही नुकतंच छापायचं बंद केलं. आता सगळं फोनवर, पोस्ट आणि रील. दुपारी विश्रांतवाडीहून एक बाई सदाशिव पेठेतल्या आमच्या ऑफिसात आल्या. त्यांची मुलगी खो-खोच्या राज्य संघात निवडली गेलीये. तिचा फोटो आम्हीच पेजवर टाकला होता.

"अहो, तिचा फोटो आलेला अंक द्या ना एक."

"अंक बंद झाला, ताई. फोनवर आहे. बघा, किती लाइक आलेत!"

"तिचे बाबा म्हणतात, फोनवर कुणीही काहीही टाकतं. छापून आलं तरच शिबिराला पाठवीन. उद्या निघायचंय तिला."

मी तिच्या बाबांना फोन लावला. "छापलेलं दाखवा," एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

मग मी पोस्टची रंगीत प्रिंट काढून दिली. बाईंनी ती उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. त्या जिना उतरल्या.

अंक परवडत नव्हता, हे खरंच आहे. पण त्या फोटोला लाइक देणाऱ्यांनो, तुमच्यापैकी किती जण तो अंक विकत घेत होतात?