बाभळीची साल आणि गजभिये मास्तर

जरीपटक्याच्या शाळेत रुपराव गजभिये रसायनशास्त्र शिकवत. विषय त्यांना फार आवडे. विषयाला आपण आवडतो की नाही, याबद्दल मात्र त्यांनाच शंका होती.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ते खाटेसाठी लाकूड आणायला कन्हानला भैयाजींच्या लाकूड कापायच्या आरामशीनवर गेले. तिथे सोललेल्या बाभळीच्या सालीचा ढीग जळत होता.

"हे काहून जाळता जी?"

"मग काय लोणचं घालू?" भैयाजी हसले.

रुपरावांना त्या ढिगात टॅनिन दिसलं. कातडं कमावायला लोक याच सालीसाठी उभी झाडं सोलत, आणि इथे ती फुकट जळत होती. जित्या झाडाला नख न लावता हिच्यातून कापडाचा बदामी रंग काढायचा, असं ठरवून त्यांनी पोतं सायकलला बांधलं.

पहिल्या प्रयोगाला त्यांनी मेहुण्याच्या लग्नासाठी शिवलेला नवा पांढरा सदराच घेतला.

"आधी एखादी चिंधी बुडवून पाहा ना जी," कौसल्याबाई म्हणाल्या.

"चिंधीले काय समजते?" असं नवऱ्याचं उत्तर आलं.

अंगणातल्या चुलीवर लोखंडी कढई चढली, साल उकळली, सदरा बुडाला. बाहेर निघाला तो कोळशासारखा काळा! टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई होते, हे रुपराव दरसाल नववीच्या पोरांना शिकवत. याच प्रश्नावर गेल्या परीक्षेत चुकलेल्या एकाला त्यांनी कान धरून उभं केलं होतं. आता त्यांनी निमूटपणे स्वतःचा कान धरला. कौसल्याबाईंना पदर तोंडाला लावूनही हसू आवरेना.

लग्नात सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि मधे हे काळ्या सदऱ्यात. मेहुण्याने विचारलं, "भाऊजी, वकील झाले काय जी?"

"नाही गा, नापास झालो."

पुढच्या खेपेला कौसल्याबाईंनी पितळेचं पातेलं काढून दिलं आणि रंग सुरेख बदामी उतरला. गल्लीतल्या बायका विटलेली लुगडी आणू लागल्या. रंगाचं सगळं कौसल्याबाई पाहत. मास्तरांकडे पोतं वाहण्याचं खातं.

एक दिवस शेजारचा लहानू ओली साल घेऊन आला. "मास्तर, ताजी आहे! नाल्याकाठच्या बाभळीची."

रुपरावांचा चेहरा पडला. "माह्या रंगापायी झाड मारतं काय गा? भैयाजीकडे निघते तेवढ्यातच भागवू. नाही पुरली तर लुगडं विटकंच बरं."

त्याला घेऊनच ते नाल्यावर गेले. खोडाची एक बाजू सोललेली होती. काय लावावं हे पुस्तकात कुठे वाचल्याचं त्यांना आठवेना. मागून आलेल्या कौसल्याबाईंनी शेण-माती कालवली, जखमेवर लिंपली आणि वरून पोतं गुंडाळलं.

पुढच्या वर्षी ती बाभळ पिवळ्या फुलांनी भरली. लोक म्हणू लागले, मास्तर झाडांचे डॉक्टर झाले.

"पेशंट वाचलं," रुपराव सांगत, "कारण औषध माहं नव्हतं."