पुढाऱ्याची वहिनी

आमच्या शेजारच्या चिनी बाई क्रांतीवर बोलायला लागल्या की दोन वाक्यांत खरकट्या भांड्यांवर यायच्या. चीनच्या क्रांतीतला एक बडा पुढारी त्यांचा सख्खा धाकटा दीर. त्यामुळे साउथहॅम्प्टनमधल्या आम्हा चार-पाच मराठी घरांत त्या 'वहिनी' झाल्या आणि पुढे पुढे त्या हाकेला ओही देऊ लागल्या. इथेच जन्मलेली माझी लेक "आई, वहिनी आला!" असं ओरडायची आणि वहिनी फेन्सवरून खुशाल हात हलवायच्या.

त्या 'ब्रदर-इन-लॉ' म्हणायच्या, मला 'भावजी' ऐकू यायचं. "एकदा न कळवता बारा माणसं घेऊन जेवायला आले," त्या सांगत. "बायकांना चुलीपासून मुक्त कसं करायचं, यावर दुपारभर चर्चा. चुलीपाशी मी एकटी. मध्येच आत डोकावून म्हणतात, वहिनी, मिरची कमी पडलीय."

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझे वडील, नाना, सोलापूरहून आमच्याकडे राहायला आले. जन्म गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये गेलेला आणि घरात या पुढाऱ्याचा फोटो. त्याची भावजय शेजारी राहते म्हटल्यावर नानांनी इस्त्रीचा झब्बा घातला आणि मला दुभाषी म्हणून बरोबर नेलं.

"त्यांचं घरातलं जीवन कसं होतं, विचार," नाना हात जोडून म्हणाले.

वहिनींनी केटल लावली. "घोरायचे. भिंती हलायच्या."

"विश्रांती अशी कमीच मिळायची, म्हणतात," मी भाषांतर केलं.

"स्नोअर म्हणाल्या त्या. तेवढं इंग्रजी येतं मला," नाना करवादले.

नानांना तत्त्वांबद्दल ऐकायचं होतं. मग वहिनींनी तेही सांगितलं. त्यांचा नवरा शाळामास्तर. सभेत काहीतरी भलतं बोलला म्हणून त्याला दूर कुठे तरी दगड फोडायला धाडलं. वहिनी आगगाडीने राजधानीत जाऊन दिराला भेटल्या. त्याने चहा दिला, तब्येत विचारली आणि सांगितलं, "घरच्यांसाठी मला वेगळा न्याय करता येणार नाही."

"वा!" नानांच्या तोंडून निघून गेलं.

"वा," वहिनीही म्हणाल्या. "मास्तर परत आले ते छाती खराब करून. गेले तेव्हा भावजी आले नाहीत, पुष्पचक्र पाठवलं. एवढं मोठं की दारातून आत जाईना. बाहेर ठेवलं, तर गावातल्या बकऱ्यांनी खाल्लं." आणि त्या खळखळून हसल्या. नाना हसले नाहीत.

"तुम्हाला भाऊ आहेत?" वहिनींनी विचारलं.

"एक. थोरला. बार्शीला असतो."

"कसे आहेत?"

"बरा असावा."

"असावा?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला आमच्या घरचं ठाऊक होतं. बार्शीच्या या आप्पाकाकांच्या मुलाला नोकरी लागावी म्हणून नानांनी एक शब्द टाकायचा होता. नानांनी तत्त्वासाठी तो टाकला नाही. "मी भावाकडे आलो होतो, युनियनकडे नाही," असं म्हणून आप्पाकाका उठले, ते परत आमच्या दारात आले नाहीत. मी हे सांगितलं नाही. नानांनीच मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. वहिनींनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला, बस्स.

परतीच्या प्रवासात मुंबईला उतरल्यावर नाना सोलापूरला गेलेच नाहीत. तडक बार्शीची एसटी धरली आणि भावाकडे आठ दिवस राहिले.

हे मला आईच्या फोनवरून कळलं तेव्हा वहिनी घर सोडून मेडनहेडला लेकीकडे चालल्या होत्या. सामान भरून झालं होतं, लेक गाडी सुरू करून बसली होती. मी धावत जाऊन खिडकीतून बातमी सांगितली.

"आधी कोण बोललं?" वहिनींनी विचारलं.

"नाना."

वहिनींनी खिडकीतून माझा हात धरला. मग डोळे पुसत हसल्या. "अगं, मग तुझे वडील काही मोठे पुढारी नव्हेत!"